रसायनशाळेचे दार आणि आपली मुले

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न विचारला जातो : मुलास कोणत्या शाखेत घालावे? उत्तरही बहुधा ठरलेले असते. कला शाखेस खर्च कमी, हजेरीचा जाच थोडा, उरल्या वेळी चार पैसे मिळविता येतात. हा हिशेब दारिद्र्यातून आलेला आहे, म्हणून त्याची थट्टा करणे योग्य होणार नाही. परंतु त्याचा परिणाम काय होतो हे पाहिले पाहिजे. दहावीनंतर विज्ञान सुटले म्हणजे बी. एस्सी.चे दारही तेथेच बंद होते, आणि पंधरा वर्षांच्या मुलाचा हा निर्णय जन्माचा निर्णय ठरतो. आपल्या मुलामुलींनी रसायनशास्त्राची पदवी घ्यावी, असा या लेखाचा स्पष्ट आग्रह आहे.

पाण्याचेच उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे बाटले म्हणून पंचगव्याने शुद्ध केले. तळ्यावरील आपला हक्क १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला. आता रसायनशाळेतील विद्यार्थी पाण्याचा नमुना घेऊन काय पाहतो? त्यात क्षार किती, जडपणा किती, फ्लोराइड किती. ते पाणी कोणाच्या हाताने भरले, हे सांगणारी कोणतीही कसोटी त्यास सापडत नाही, कारण तशी वस्तूच पाण्यात नसते. न्यायालयाने आपणांस हक्क दिला. विटाळाच्या कल्पनेचा पाया पोकळ आहे हे आपल्या डोळ्यांनी पडताळून पाहण्याचे साधन विज्ञान देते. केवळ परंपरेने आले किंवा ग्रंथात लिहिले म्हणून काही मानू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश ज्यांनी स्वीकारला, त्यांच्या घरात प्रयोगशाळेविषयी परकेपणा असू नये.

या देशात प्रयोगविद्या का खुंटली, याचे उत्तर एका थोर रसायनशास्त्रज्ञानेच देऊन ठेवले आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला. पहिला १९०२ साली व दुसरा १९०९ साली प्रसिद्ध झाला. हातांचे उद्योग खालच्या मानलेल्या जातींकडे ढकलले गेले, विद्या सांगणारा वर्ग त्यांपासून दूर झाला, आणि कार्यकारणाचा शोध घेणारी वृत्ती त्यामुळे मावळली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कातडे कमावणारा हिरड्याचा व बाभळीच्या सालीचा उपयोग जाणत होता. त्यातील टॅनिनाने कातडे का टिकते, हे शिकण्याची वाट मात्र त्यास बंद होती. हात एकीकडे आणि पुस्तक दुसरीकडे, अशी ही फाळणी होती. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही दोन्ही एकत्र आणावीच लागतात.

हे ज्ञान आपल्या प्राणांशी निगडित आहे. हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू गटारात साचतो. तो हवेहून जड असल्याने तळाशी राहतो. थोडा असता सडक्या अंड्यासारखी घाण येते. परंतु प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला असे समजून उतरलेला मनुष्य परत येत नाही. प्रयोगशाळेत हाच वायू दूषित हवा बाहेर ओढणाऱ्या कपाटात हाताळतात. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसास गटारात उतरविणे गुन्हा ठरविले, तरीही मृत्यू थांबलेले नाहीत. ज्या समाजाची माणसे या वायूने मरतात, त्या समाजात तो मोजू शकणारे आणि अधिकाऱ्यास जाब विचारू शकणारे पदवीधर घरोघर असावयास हवेत.

अडचणी खऱ्या आहेत. इतिहासाचे पुस्तक रात्री घरी वाचता येते. अनुमापनाचा प्रयोग घरी करता येत नाही. प्रॅक्टिकल बुडाले की ते बुडालेच. सेंद्रिय, असेंद्रिय व भौतिक रसायन ही तीन अंगे सांभाळावी लागतात. भौतिक रसायनास गणित लागते, आणि पुस्तके बहुधा इंग्रजीत असतात. पहिल्या वर्षी अनेक मुले येथेच खचतात. ते बुद्धीचे उणेपण नव्हे. ज्या घरात पूर्वी कोणी ब्युरेट पाहिली नाही, तेथील मुलास सवय होण्यास वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी करणारा लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे याने १८२५ साली बेंझीन शोधून काढले, हे अशा मुलास अवश्य सांगावे.

सवलतींविषयीही जागरूक असावे. १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती बौद्धांना नाकारल्या गेल्या; त्या मिळविण्यास १९९० च्या घटना-आदेश दुरुस्तीपर्यंत लढावे लागले. इतक्या वर्षांनी मिळालेला हक्क दाखला वेळेवर न काढल्यामुळे गमावणे हा आपलाच अपराध होईल. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज ही कामे प्रवेशापूर्वी पुरी करावी. शिष्यवृत्ती रखडली तर एकट्या विद्यार्थ्याने खेटे घालू नयेत. वस्तीने मिळून लेखी तक्रार करावी.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा कलेबरोबर विज्ञानासही तेथे स्थान दिले. त्याचा अर्थ ओळखून प्रत्येक विहाराने आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित व इंग्रजीचा वर्ग चालवावा. आईबापांनी प्रॅक्टिकलच्या दिवशी मुलास मजुरीवर आणि मुलीस घरकामात अडकवू नये. जे पदवीधर झाले आहेत, त्यांनी आपली पुस्तके व जर्नले पुढच्यास द्यावी. एवढे केले तर रसायनशाळेचे दार आपल्या मुलांना परके वाटणार नाही.

जय भीम.