बंद लिफाफा म्हणजे गुन्हा नव्हे

“ज्याला लपवावयाचें कांहीं नाहीं, त्यानें भ्यावें कशाला?” हा प्रश्न परवां नांदेडांत सुशिक्षित मंडळींच्या एका बैठकींत आम्हांस विचारण्यांत आला. आंतरजालावरील प्रत्येक व्यवहार मधल्या कोणासहि वाचतां येऊं नये अशा सांकेतिक रूपांत व्हावा, एवढेंच आम्हीं म्हटलें होतें. मौज ही कीं, हेच गृहस्थ कन्येच्या सोयरिकीचीं पत्रें एके काळीं कार्डावर न लिहितां लिफाफ्यांतूनच धाडीत असत!

कार्ड आणि लिफाफा यांत जो भेद, तोच ‘एचटीटीपी’ आणि ‘एचटीटीपीएस’ यांत. पहिल्यांत मजकूर वाटेवरील यंत्रांना उघडा दिसतो. दुसऱ्यांत आपलें यंत्र आणि पलीकडील संकेतस्थळ आपसांत किल्ली ठरवितात, व मधल्यांच्या हातीं केवळ अर्थहीन अक्षरें पडतात. यासाठीं लागणारीं प्रमाणपत्रें ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून 2015 पासून फुकट मिळतात; तेव्हां खर्चाची सबबहि उरलेली नाहीं.

लातुरास शिकवणीसाठीं गांवोगांवचीं मुलें येतात. ‘नीट’चा अर्ज भरतांना नांव, जन्मतारीख, छायाचित्र, परवलीचा शब्द हें सर्व तीं नेटकॅफेंतील परक्या यंत्रावर किंवा वसतिगृहाच्या सामाईक वायफायवरून पाठवितात. या मुलांना कोणता गुन्हा लपवावयाचा आहे?

मात्र कुलपावरील श्रद्धाहि आंधळी नको. कुलूप वाटेचें रक्षण करतें, मुक्कामाचें नव्हे. भामट्याच्या संकेतस्थळालाहि प्रमाणपत्र मिळूं शकतें. म्हणून पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. ‘इन्कॉग्निटो’ खिडकी तर केवळ आपल्या यंत्रावरील खुणा पुसते. आपण कोणत्या संकेतस्थळीं गेलों, हें सेवा पुरविणाऱ्या कंपनीस बहुधा कळतेंच.

गुन्हेगार शोधणें हें सरकारचें कर्तव्य आहे, हें आम्हांस मान्य आहे. पत्र अडविण्याची तरतूद 1898 च्या टपाल कायद्यांत होती आणि त्याची जागा घेणाऱ्या 2023 च्या कायद्यांतहि आहे. पण म्हणून लिफाफ्यांची विक्री कोणीं बंद केली नाहीं. 24 ऑगस्ट 2017 रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. असें असतां 28 एप्रिल 2022 रोजीं ‘सर्ट-इन’नें आदेश काढून, सांकेतिक बोगद्यांतून दळणवळण चालविणाऱ्या ‘व्हीपीएन’ कंपन्यांना ग्राहकांचीं नांवें व पत्ते निदान पांच वर्षें जपून ठेवावयास सांगितलें. लिफाफा विकत घेणाऱ्या प्रत्येकाचें नांव दुकानदारानें वहींत टिपावें, तशांतलाच हा प्रकार! संशयिताचें पत्र उघडणें निराळें आणि लिफाफा वापरणाऱ्या सर्वांनाच संशयित मानणें निराळें.

17 सप्टेंबर 1948 पूर्वीं ज्या मराठवाड्यांत सभा भरविण्यासहि निजाम सरकारची परवानगी लागे, तेथील सुशिक्षितांना तरी हा भेद समजावून सांगण्याची पाळी येऊं नये.