कणगीच्या जागी कचेरी

भगिनींनो, शेती हा धंदा आहे असे आपण म्हणतो. पण दुकानदाराला गल्ला असतो, तशी आपल्या घरात हिशेबाला जागा कुठे असते? पट्टी सदऱ्याच्या खिशात, सातबारा फडताळात, पासबुक पिठाच्या डब्यामागे!

आमच्या सुप्याच्या घरीही असेच चालले होते. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजार समितीत विकलेल्या कांद्याला सरकारने क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान दिले, मर्यादा २०० क्विंटल. अर्जाला विक्रीची पावती, सातबारा व पासबुकाची प्रत हवी होती. आमचा कांदा ४० क्विंटल, म्हणजे १४,००० रुपये. पण पावती सदऱ्यासकट धुतली गेली! दुसरी प्रत मिळेपर्यंत मुदत टळली. त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोलले नाही.

मग मी पडवीतल्या कोपऱ्याकडे पाहिले. ज्वारी आता पत्र्याच्या कोठीत असते. जुनी कणगी नुसती जागा अडवून होती. सासूबाई म्हणाल्या, "कणगी घराची लक्ष्मी, ती मोडायची नाही." मी म्हटले, "आत्याबाई, मोडत नाही, माळ्यावर ठेवते. आता लक्ष्मी कागदाच्या वाटेनेही येते."

तेथे अडीच फूट उंचीवर तीन फूट लांब, दीड फूट रुंद फळी ठोकली. उजेड डावीकडून येईल असे पाहिले, म्हणजे लिहिताना हाताची सावली पडत नाही. फळीखाली विटांवर झाकणाची पत्र्याची पेटी ठेवली. ओल, वाळवी आणि उंदीर यांपासून कागद वाचतात. तुमच्याकडे पडवी नसेल तर जिन्याखालची किंवा दाराआडची जागाही चालेल. चुलीजवळची व मोरीजवळची मात्र नको.

पेटीत पाच पिशव्या करा: जमीन, मालविक्री, दूध, बँक-सोसायटी आणि घर. दवाखान्याचे व शाळेचे कागद शेवटच्या पिशवीत. यंत्रातून निघणारी गुळगुळीत चिठ्ठी काही महिन्यांत कोरी पडते, तिची झेरॉक्स लगेच काढा. खर्चाची वही फळीवरच असू द्या. आठवड्यातून एकदा अर्धा तास दोघांनी मिळून बसा. वही एकट्याची झाली, की हिशेबही एकट्याचा होतो.

खर्च फळी-खिळ्यांचाच. गेलेले १४,००० परत आले नाहीत. पण आता संध्याकाळी सासूबाईच विचारतात, "दुधाची चिठ्ठी पेटीत टाकली का गं?"