सावली पायाखाली जाते तेव्हा

मे महिन्यात भर दुपारी घराबाहेर पडा, असं विदर्भातल्या माणसाला कोणी सांगत नाही. मी सांगतो आहे. २४-२५ मेच्या सुमारास, बारा वाजून दहा मिनिटं व्हायच्या थोडं आधी, डोक्याला दुपट्टा बांधून आपल्या उमरेडच्या अंगणात या. पाइपचा एक सरळ तुकडा सपाट फरशीवर उभा करा आणि बघत राहा. पाइपाच्या बुडाशी उरलेली सावलीची बारीक कड आत आत सरकते आणि दिसेनाशी होते. वरून डोकावलंत तर तळाची फरशी काठोकाठ उजळलेली असते. उन्हाचा एक पूर्ण गोल, कुठेही अंधार नाही. मिनिट-दोन मिनिटं, आणि दुसऱ्या बाजूने सावली निघालीच.

सूर्य उत्तरेकडे सरकताना गावोगाव मुक्काम करत येतो. चंद्रपूरच्या माथ्यावर तो आपल्या चार-पाच दिवस आधी येतो, नागपूरला आपल्यानंतर एक-दोन दिवसांनी. कर्कवृत्ताच्या पलीकडच्या दिल्लीला हा दिवस कधीच दिसत नाही.

पण उमरेडलाही तो कायमचा मिळालेला नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त नवल याचंच वाटतं. आपल्या खुल्या खाणीतून ट्रक भरभरून जो कोळसा निघतो, तो पंचवीस कोटी वर्षांहून जुना. ती झाडं इथे उभी होती तेव्हा ही जमीन अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेला चिकटून दक्षिण गोलार्धात फार खाली होती. तिथे सूर्य डोक्यावर येत नसे. भर उन्हाळ्यातल्या दुपारीही सावली पडायचीच. त्याच्याही आधी इथे बर्फ होता. चंद्रपूरजवळ इरईला हिमनदीने खडक घासून काढल्याचे ओरखडे भूवैज्ञानिकांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले. आपल्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना, हे एकदा मनाशी म्हणून बघा.

त्या जंगलातलं मुख्य झाड ग्लॉसोप्टेरिस. लांब, जिभेसारखं पान, मधोमध जाड शीर. कोळशाच्या थराजवळच्या दगडात त्याचे ठसे सापडतात. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे सोळा किलो दगड होते. उपासमारीतही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत हीच पानं निघाली. एकच रान, अर्धं तिकडे बर्फाखाली, अर्धं इथे आपल्या मातीखाली.

तिथून उत्तरेकडे निघालेल्या आपल्या जमिनीचा प्रवास अजून थांबलेला नाही. वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या ज्या उपग्रहांमुळे मोबाइलवर रस्ता दिसतो, त्यांच्याच मदतीने शास्त्रज्ञांनी मोजलं आहे : भारताची जमीन दरवर्षी साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते. अवकाशात पाठवलेलं यंत्र आपल्या पायाखालचं अंगण मोजतं, ही मला मंगळावरच्या फोटोंपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

मे महिन्यात शाळांना सुट्टी, त्यामुळे पाइप घेऊन पोरांना अंगणात न्यायचं काम घरच्यांचंच. ते राहून गेलं तर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य परतीच्या वाटेवर पुन्हा माथ्यावर येतो, यावेळी सव्वाबाराच्या जरा पुढे. शाळाही तेव्हा सुरू असतात. ढगांनी दहा मिनिटं सवड दिली, तर गुरुजींनी तेवढा तास मैदानातच घ्यावा.