पक्षी तिकडे, पगार इकडे

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. रविवारची सकाळ, पुण्याजवळचं कवडीपाट, आणि माझ्या गळ्यात ऑफिसमधल्या एकाकडून घेतलेला सेकंडहॅण्ड कॅनन डीएसएलआर. लेन्स अर्थातच त्याच्यासोबत आलेली १८-५५ची. समोर एक टिटवी. क्लिक केलं, स्क्रीनवर पाहिलं, तर मोहरीचा दाणा!

मग काय, निघालो पुढे. टिटवीने आकाशपाताळ एक केलं. डोक्यावर घिरट्या, कर्कश ओरडा. मला वाटलं, वा, काय पोझ देतेय! खाली बघितलं तर पावलापासून हातभर अंतरावर खड्यांमध्ये खड्यांसारखीच चार अंडी.

टिटवी घरटं असं उघड्यावरच करते. उन्हात अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसं भिजवून आणून अंडी गार ठेवते. आणि मी तिथे उभा राहून तिला तेच करू देत नव्हतो. गुपचूप मागे फिरलो. दहा मिनिटांनी ती परत अंड्यांवर बसली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. फोटो शून्य. पण लांबची लेन्स कशासाठी घ्यायची, हे मात्र त्या दिवशी कळलं.

घरी जाहीर केलं. बायको म्हणाली, ‘‘अरे, फ्रिज गळतोय आणि तुला टिटवी पाहिजे?’’ मुद्दा बिनतोड होता. बोनसमधून फ्रिज वजा जाता हातात उरले १५ हजार.

आता पक्षीवाल्यांचं स्वप्न म्हणजे १५०-६००. सिग्माची, टॅमरॉनची. माझ्या बजेटच्या बाहेर, पण भाड्याने मिळते. एक वीकएण्ड घेतली आणि गाठलं भिगवण. वजन जवळजवळ दोन किलो! होडी डुलत असल्यामुळे ट्रायपॉड बिनकामाचा. डोक्यावरून नदीसुरय सूं करून जायचा आणि ६००वर मला फ्रेममध्ये दिसायचं फक्त निळं आकाश. शेवटी होडीवाले दादा म्हणाले, ‘‘सर, आधी लांबून बघा, मग जवळ ओढा.’’ बरोब्बर! १५०वर पक्षी पकडायचा आणि मग झूम करायचं. चित्रबलाकाचा एक फोटो झकास आला. सोमवारी मात्र माऊस धरताना खांदा बोंबलत होता. लेन्स कितीही भारी असली तरी कपाटात बसली तर तिचा उपयोग काय?

म्हणून माझ्यासारख्या पगारदारांसाठी हे चार फंडे.

एक, आधी आपला कॅमेरा ओळखा. कॅननच्या क्रॉप सेन्सर बॉडीवर २५०ची लेन्स ४०० इतकी चौकट देते, निकॉनच्या क्रॉपवर ३०० म्हणजे ४५०. आणि लेन्स बसली म्हणजे चाललीच असं नाही. निकॉनच्या एएफ-पी लेन्स जुन्या बऱ्याच बॉडींवर फोकसच करत नाहीत. स्वतःचा कॅमेरा दुकानात घेऊन जा.

दोन, स्टॅबिलायझेशन असलेलीच घ्या. पण ते तुमचा हात सांभाळतं, पक्ष्याचे पंख नाही. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/१६०० च्या पुढे ठेवा. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील, पण आयएसओ वाढवा. हललेला फोटो कुठलंही सॉफ्टवेअर वाचवत नाही.

तीन, स्वस्त झूम शेवटच्या टोकाला जरा मऊ पडतात. उजेड असेल तर एफ ८ वर या, फरक दिसेल.

चार, सेकंडहॅण्डला लाजू नका, पण लेन्समधून टॉर्च मारून बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती दिसली की सरळ नमस्कार करून बाहेर पडा. पूर्ण झूम करून रस्त्यापलीकडची पाटी वाचता येते का, तेही तपासा. आणि घेतल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा.

मी घेतली कॅननची ५५-२५० एसटीएम, वापरलेली. वजन ३७५ ग्रॅम, लॅपटॉपच्या बॅगेत मावते. त्यामुळे रोज बरोबर असते. परवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये वेडा राघू मिळाला, तोही स्टॅण्डअप मीटिंगच्या आधी!

या एप्रिलमध्ये पुन्हा कवडीपाटला गेलो. या वेळी लांबच, झुडपाच्या आडोशाला बसलो. अर्ध्या तासात टिटवी एकदाही ओरडली नाही. घरी फोटो दाखवला तर बायको म्हणाली, ‘‘एवढे पैसे घालून टिटवी अजून लहानच दिसतेय की!’’

दिसू दे. अंड्यांवर बसलेली दिसतेय ना!