गॅलरी बंद, दिवे चालू

फणसवाडीतले एखादे जुने घर दुरुस्तीला निघाले की पहिली कुऱ्हाड पडते गॅलरीवर. सागवानी कठडा जातो, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या येतात आणि भर दुपारी दिवे लागतात! यात दोष घरच्यांचाच असे मी म्हणणार नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, मालकांचा दुरुस्तीतला रस आटला आणि दोन खोल्यांत तीन पिढ्या वाढल्या. तेव्हा गॅलरीची खोली होणारच. वारसाप्रेमींनी (ते बहुधा मोकळ्या घरांत राहतात) हे आधी समजून घ्यावे. पण जागेसाठी उजेड गमावलाच पाहिजे, हे मात्र पटत नाही. गॅलरी मिटवायचीच तर कठडा ठेवून वर काच बसवता येते. दारांवर झडपा ठेवल्या तर मधल्या खोलीलाही उजेड-वारा मिळतो. गिरगावातल्याच खोताच्या वाडीसारखे कौलारू छप्पर असेल, तर दोन काचेची कौले माळा उजळायला पुरतात. भिंतींचे दुखणे याहून खोल आहे. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि भिंतीत शिरलेल्या तुळईचे टोक कुजू लागते. बाहेरून घर नवे दिसते, एवढेच. चुना महाग पडतो, त्याचे जाणते गवंडीही थोडे उरले आहेत, हे खरे. पण तुळई बदलण्याचा खर्च त्याहून कितीतरी मोठा.