चिंचपाड्याचे रुग्णालय आणि पंधरा दिवसांची सेवा

१/
अमेरिका-युरोपातील चर्चमधून दरवर्षी तरुणांचे जथे दहा-पंधरा दिवसांच्या ‘वैद्यकीय मिशन’वर आफ्रिकेत, मध्य अमेरिकेत, आशियात जातात. परदेशात वाढलेली भारतीय मुलेही त्यांत असतात. शिबिर भरते, औषधे वाटली जातात, छायाचित्रे निघतात. पुढे वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात या अनुभवाचा उल्लेख होतो. ही मंडळी स्वतःला जुन्या मिशनरी डॉक्टरांचे वारस समजतात. तो वारसा त्यांना खरोखर पोहोचतो का, हे पाहण्यास खानदेशाचा इतिहास उपयोगी आहे.

२/
१८९९-१९०० च्या दुष्काळाने खानदेश पोळून निघाला. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले; तेच पुढचे जळगाव आणि धुळे. याच कालखंडात परदेशी मिशनांची या भागातील ठाणी वाढत गेली. जळगाव-भुसावळ पट्ट्यात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’, तर पश्चिमेकडील भिल्लांच्या मुलखात ‘स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन’. दुसरी संस्था फ्रेडरिक फ्रान्सन या मूळच्या स्वीडिश प्रचारकाने १८९० मध्ये शिकागोत स्थापन केली होती. १९४९ पासून ती ‘टीम’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

३/
या मंडळींचा पहिला हेतू धर्मप्रचार हाच होता. तो त्यांनी लपवला नाही. आजच्या वाचकानेही त्यांच्या वतीने लपवू नये.

४/
१९४० च्या दशकाच्या आरंभी या मिशनने नवापूर तालुक्यात चिंचपाडा येथे रुग्णालय उभे केले. जागा नकाशावर पाहण्यासारखी आहे. तापी व्हॅली रेल्वेचे एक लहानसे स्थानक, सभोवती मावची, भिल्ल, कोकणी वस्त्या, आणि जिल्ह्याचे ठिकाण धुळे थेट कोंडाईबारी घाटापलीकडे. अडलेली बाळंतीण बैलगाडीत घालून तो घाट चढवायचा, की भगताकडे न्यायचे? रुग्णालयाने या कुटुंबांपुढे तिसरी वाट ठेवली, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व.

५/
मात्र केवळ रुग्णालयाची इमारत म्हणजे वाट नव्हे. मराठी मुलखात नव्याने येणाऱ्या मिशनऱ्याचा आरंभीचा बराच काळ भाषा शिकण्यात जाई, तिच्या परीक्षा द्याव्या लागत. आणि नवापूरकडे मराठीनेही भागत नाही. घरात मावची बोलली जाते. दुखणे ‘कुठे’ एवढे बोटाने दाखवता येते. ‘केव्हापासून’ आणि ‘कसे’ यांना शब्द लागतात. निदानाचे निम्मे काम त्या शब्दांत असते.

६/
हाच प्रकार दक्षिण महाराष्ट्रात अधिक ठळकपणे दिसतो. कॅनडात जन्मलेले विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. मिरजेचे रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले. आणि अवघ्या तीन वर्षांत, १८९७ मध्ये, त्यांनी तेथे भारतीय तरुणांना वैद्यक शिकवण्यास प्रारंभ केला. १९२८ पर्यंत, म्हणजे जवळपास चाळीस वर्षे, ते या कामात राहिले. त्यांच्या शस्त्रक्रियांची कीर्ती मोठी. पण त्यांची जागा घेऊ शकणारी माणसे त्यांनी येथेच घडवली, ही गोष्ट तिच्याहून मोठी मानावी लागेल.

७/
येथे धर्माचा भाग बाजूला काढून पाहता येतो, कारण उलट दिशेचे उदाहरण महाराष्ट्रापाशी आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक पाठवले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत शिकवू लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. त्यांच्या हाती बायबल नव्हते. वानलेस आणि कोटणीस यांना जोडणारा धागा श्रद्धेचा नसून मुक्कामाचा आहे.

८/
आता कठीण प्रश्न. आजारी माणूस मोकळा नसतो. ज्याच्या हातात औषध आहे त्याने देवाचे नाव काढले, तर खाटेवरच्या माणसाने ‘नको’ कसे म्हणावे? हा आक्षेप केवळ राजकीय म्हणून उडवून लावता येत नाही. १९५६ मध्ये न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने मध्य प्रदेश सरकारला दिलेल्या अहवालात, वैद्यकीय सेवा धर्मांतराचे थेट साधन म्हणून वापरण्यास कायद्याने बंदी असावी, अशी शिफारस केली. खानदेश तेव्हा मुंबई राज्यात असल्याने समितीच्या कक्षेबाहेर राहिला. प्रश्न कक्षेबाहेर राहिला नाही.

९/
मदतीला अट जोडली की काय होते, हे महाराष्ट्राने त्याआधीही पाहिले होते. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी कोल्हापूरच्या रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याकडे साहाय्य मागितले, तेव्हा उत्तरात धर्मांतराचा मुद्दा आला. गोपाळरावांनी तो मानला नाही. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या त्या हिंदू म्हणून, आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. विशेष असे, की त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांना गोपाळरावांची हकिकत कळली ती वाइल्डर यांच्याच मिशनरी नियतकालिकातून. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही.

१०/
तरीही या आक्षेपाचे एक अंग दुर्लक्षित राहते. चाळीस वर्षे एका गावात राहणारा डॉक्टर त्या गावाला जाब देण्यास बांधलेला असतो. त्याची चूक त्याच्या दारात परत येते. त्याने दबाव आणला, तर गाव रुग्णालयाकडे पाठ फिरवू शकते. पंधरा दिवसांच्या पाहुण्यावर असा कोणताही धाक नाही. तो देवाचे नाव काढो वा न काढो, पाहुण्याचे उत्तरदायित्व विमानतळावर संपते.

११/
वैद्यकाच्या अंगानेही पाहावे. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. शिबिरात थेंबभर रक्ताची विद्राव्यता चाचणी सहज होते. पण ती व्यक्ती केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे ती चाचणी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी लागते. निदान पक्के झाले तर औषध वर्षानुवर्षे, आणि वेदनेचा झटका आला की मध्यरात्रीही उघडे असणारे दार. लग्न ठरवण्याआधी दोन्ही घरांशी बोलावे लागते, तेही मावचीत. ‘पॉझिटिव्ह’ असा शिक्का मारून निघून जाणाऱ्या पथकाने त्या मुलीला काय दिले? एक भीती, आणि कदाचित मोडलेली सोयरीक.

१२/
रक्तदाबाच्या पंधरा दिवसांच्या गोळ्यांचीही हीच गत. सोळाव्या दिवसाचा विचार शिबिरात बसत नाही.

१३/
भारतीय कायद्याने हा भेद बऱ्याच आधी ओळखला होता. १९५६ च्या भारतीय वैद्यक परिषद कायद्यातील कलम १४ नुसार परदेशी डॉक्टरला येथे काम करण्यास तात्पुरती परवानगी मिळे, ती एखाद्या संस्थेशी संलग्न राहून अध्यापन, संशोधन किंवा धर्मादाय सेवा करण्यासाठी. भूलतज्ज्ञाने येऊन रुग्णालयाच्या परिचारिकांना नवे यंत्र शिकवले, तर पंधरा दिवसही पुष्कळ झाले. त्यासाठी बोलावणे मात्र रुग्णालयाकडून यावे लागते.

१४/
१९७० मध्ये ‘इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन’ ही भारतीय संस्था स्थापन झाली. परदेशी मिशनांनी उभारलेली अनेक रुग्णालये तिच्याकडे आली. चिंचपाडा त्यांपैकी एक. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि पत्त्यातले ‘धुळे’ गेले. रुग्णालय आज भारतीय डॉक्टर चालवतात.

१५/
वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये प्रायोजित जागेवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीनंतर दोन वर्षे अशा गरजेच्या ठिकाणी काम करावे लागते. ‘वैद्यकीय मिशन’ या शब्दाचा आजचा प्रामाणिक अर्थ शोधायचा तर तो या दोन वर्षांत सापडेल. तमिळ किंवा मल्याळी घरातून आलेल्या अशा तरुण डॉक्टरला नवापूर तालुका हा परमुलूखच. समुद्र न ओलांडताही मावचीचा पहिला शब्द त्याला पहिल्याच दिवशी शिकावा लागतो.