टेलिफोन नाही, म्हणून दुकान बंद

खिशात मावणारे गाणी ऐकण्याचे यंत्र ही तशी निरुपद्रवी वस्तू. एखाद्या मक्तेदाराच्या सिंहासनाला धक्का लावण्याची त्याची ऐपत नाही. तरीही या यंत्राच्या वाट्याला गेल्या पंधरा-सोळा वर्षांत जे आले ते पाहिले, म्हणजे 'मुक्त' म्हणून गाजविलेल्या अँड्रॉइड प्रणालीचा खरा धनी कोण, हे स्वच्छ दिसू लागते.

सप्टेंबर २००९ मध्ये आर्कोस या फ्रेंच कंपनीने गाणी आणि चित्रपट यांसाठी अँड्रॉइडवर चालणारा एक छोटा संच बाजारात आणला. अँड्रॉइडची मूळ संहिता गूगलने खुली केली होती. ती घेऊन कोणीही यंत्र बनवावे, अशी ग्वाही होती. आर्कोसने यंत्र बनविले. पण त्यावर अँड्रॉइड मार्केट, म्हणजे आजचे प्ले स्टोअर, नव्हते. हे दुकान खुल्या संहितेचा भाग नव्हे. ती गूगलची खाजगी मालमत्ता होय. ते हवे असेल तर यंत्राला गूगलच्या सुसंगततेच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हावे लागे, आणि त्या काळच्या नियमावलीत टेलिफोन व कॅमेरा दोन्ही सक्तीचे होते. गाण्याच्या यंत्रात टेलिफोन कोठून असणार? आर्कोसने 'अ‍ॅप्सलिब' नावाचे स्वतःचे दुकान थाटले. त्यात माल थोडा. अँड्रॉइड यंत्र हाती, पण अँड्रॉइडच्या बाजारपेठेत प्रवेश नाही, अशी ग्राहकाची अवस्था झाली.

ही तांत्रिक अडचण होती काय? मुळीच नाही. अ‍ॅपलच्या आयपॉड टचमध्ये टेलिफोन कधीच नव्हता, २०१० पर्यंत कॅमेराही नव्हता. तरी जुलै २००८ पासून त्यावर अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर सुरळीत चालत होते. यंत्रही आपले, दुकानही आपले. तेथे सुसंगततेचा प्रश्नच उद्भवला नाही. पुढे २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ च्या नियमावलीने टेलिफोनची अट काढून टाकली आणि आकाश कोसळले नाही.

परीक्षाच नको, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. एका यंत्रावर चालणारे अ‍ॅप दुसऱ्यावर कोलमडू नये, ग्राहकाच्या माथी सदोष माल मारला जाऊ नये, यासाठी कसोटी हवीच. आक्षेप आहे तो प्रश्नपत्रिका काढणारा, गुण देणारा आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा एकच असण्याला. कारण मग प्रमाणपत्र हे गुणवत्तेचे राहत नाही, ते जकात नाक्याची पावती बनते.

या पावतीची किंमत काय होती, हे युरोपीय आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या निर्णयाने चव्हाट्यावर आणले. प्ले स्टोअर हवे असेल, तर गूगलचे शोधयंत्र आणि क्रोम आधीच बसवून द्यावे लागत. याहून जाचक अट दुसरीच होती. ज्या कारखानदाराला आपल्या फोनवर प्ले स्टोअर हवे, त्याने गूगलला अमान्य असलेल्या अँड्रॉइड-आवृत्तीवर चालणारे एकही यंत्र विकता कामा नये! म्हणजे लक्षावधी फोन विकणाऱ्या कंपनीने अँड्रॉइडला स्वतःचे वळण देऊन एखादा साधा संगीतसंच काढावा म्हटले, तर तिचा फोनचा सारा धंदा धोक्यात. या करारांना गूगलने 'विखंडनविरोधी' असे नाव दिले होते. इंग्रजी मजकूर मराठीत आणताना अनुवादक अशा शब्दांपाशी थबकतो. विखंडन, तुकडे पडणे, म्हणजे काही अभद्र घडणे. प्रत्यक्षात ज्याला विखंडन म्हटले, ते दुसऱ्या कोणीतरी वेगळे काही करून पाहणे एवढेच होते. आयोगाने ४.३४ अब्ज युरोचा दंड ठोठावला. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील न्यायालयाने तो ४.१२५ अब्जांवर आणला, पण निर्णयाचा गाभा कायम ठेवला.

संगीताच्या यंत्राला वेगळे वळण हवे असते, हा काही निव्वळ हौसेचा भाग नाही. सीडीवरचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा. अँड्रॉइड मात्र बहुधा सगळ्याच आवाजांना ४८,००० च्या एकाच साच्यात घालते. मूळ ध्वनी जसाच्या तसा कानी पडावा, म्हणून असे संच बनविणारे प्रणालीच्या या भागात फेरफार करतात. दक्षिण कोरियाच्या अ‍ॅस्टेल अँड कर्नने तर वर्षानुवर्षे प्ले स्टोअरविना संच विकले. अ‍ॅपची फाइल ग्राहकानेच आणून हाताने बसवायची, ही तेथली रीत. महागडी वस्तू घेऊनही मागल्या दाराने ये-जा.

भारतीय स्पर्धा आयोगानेही २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, त्यामुळे वृत्तपत्रांनी विजयाचे मथळे दिले. तथापि, त्याच निकालाने आयोगाचे चार आदेश रद्द केले, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. प्ले सर्व्हिसेसची दारे कोणाला बंद करू नयेत, आणि दुकानाबाहेरून अ‍ॅप पोहोचविण्यास मज्जाव करू नये, हे दोन आदेश त्या चारांतलेच. लहान कारखानदाराला आणि गाण्याच्या यंत्राला दंडाच्या रकमेचा काय उपयोग? त्यांच्या कामाचे होते ते हे दोन आदेश.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने आणखी एक पाऊल टाकले. प्रमाणित अँड्रॉइड यंत्रावर बसणारे प्रत्येक अ‍ॅप, मग ते दुकानातून येवो वा बाहेरून, गूगलकडे ओळख पटवून नोंदलेल्या विकासकाचेच असले पाहिजे, असे जाहीर झाले. प्रारंभासाठी सप्टेंबर २०२६ आणि ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड हे देश मुक्रर झाले. २००९ साली आर्कोसच्या यंत्राला पुढल्या दाराशी अडविले होते. आता मागल्या दाराशीही तोच पहारेकरी येऊन बसतो आहे.